धुण्याच्या टबापासून कंपनीच्या नोंदणीपर्यंत : मॅडम सी. जे. वॉकर

25 मे 1919 रोजी न्यूयॉर्क शहराजवळ, हडसन नदीकाठच्या आपल्या घरी एका 51 वर्षांच्या कृष्णवर्णीय स्त्रीने अखेरचा श्वास घेतला. तिचे आईवडील गुलाम होते. तिने स्वतः सुमारे 18 वर्षे दुसऱ्यांचे कपडे धुऊन पोट भरले होते. शाळा म्हणाल तर आयुष्यात जेमतेम तीन महिन्यांची. आणि ती गेली तेव्हा तिच्या मालकीचा कारखाना होता, नोंदणी झालेली कंपनी होती आणि हजारो स्त्रिया तिचा माल विकून आपापले घर चालवीत होत्या. जग तिला मॅडम सी. जे. वॉकर या नावाने ओळखते.

आम्ही वकिली करतो. आमच्या कार्यालयात वस्तीतली तरुण मुले-मुली येतात. धंदा काढायचा आहे, कर्ज कोणत्या योजनेतून मिळेल, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. काय विकणार, कोणाला विकणार, पहिले गिऱ्हाईक कोण, हिशेब कोण लिहिणार, भागीदारीचा कागद केला आहे काय, हे प्रश्न आम्हालाच विचारावे लागतात. त्यांची उत्तरे बहुधा नसतात. यात त्या मुलांचा दोष नाही. ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या दुकान आहे त्यांच्या मुलांना हे गल्ल्यावर बसल्या बसल्या समजते. आमच्या मुलांना ते कोणी शिकविलेलेच नाही. म्हणूनच, ज्या बाईला कोणीच काही शिकविले नव्हते तिने धंदा कसा शिकला, हे आज सांगण्याची गरज आहे.

23 डिसेंबर 1867 रोजी लुईझियाना राज्यातल्या डेल्टा या गावी एका कापसाच्या मळ्यावर तिचा जन्म झाला. नाव सारा ब्रीडलव्ह. आईवडील ओवेन आणि मिनर्व्हा त्याच मळ्यावर गुलाम म्हणून राबलेले. यादवी युद्ध संपून गुलामगिरी कायद्याने गेली होती, त्यामुळे त्या कुटुंबात स्वतंत्र माणूस म्हणून जन्मलेले पहिले मूल म्हणजे सारा. परंतु कायदा बदलला म्हणून मळा बदलला नव्हता. जमीन गोऱ्यांची, बी-बियाणे गोऱ्यांचे, तराजू गोऱ्यांचा. वर्षभर राबून शेवटी डोक्यावर कर्जच उरायचे. 1873 साली इकडे पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी गुलामगिरी हा ग्रंथ लिहिला आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना तो अर्पण केला, तेव्हा ही सारा पाच-सहा वर्षांची पोर होती.

सातव्या वर्षापर्यंत आई गेली, बापही गेला. पोरकी सारा थोरल्या बहिणीच्या आश्रयाला गेली आणि पुढे तिच्याबरोबर नदीपलीकडच्या व्हिक्सबर्ग शहरात आली. मेहुणा छळ करणारा होता. त्यातून सुटका म्हणून चौदाव्या वर्षी तिने मोझेस मॅकविल्यम्स याच्याशी लग्न केले. 1885 साली मुलगी झाली, लेलिया. दोन वर्षांनी नवरा मेला. विसाव्या वर्षी विधवा, पदरात दोन वर्षांची मुलगी, हातात काही नाही. सेंट लुईस शहरात तिचे भाऊ न्हाव्याचे काम करीत होते. ती तिकडे गेली आणि धुणावळ झाली.

त्या काळी कृष्णवर्णीय स्त्रीला दोनच कामे खुली होती, मोलकरणीचे आणि धुण्याचे. धुण्यात दिवसाला दीड डॉलरच्या आसपास मिळत असे. कास्टिकच्या तीव्र साबणाने हात फुटत, उकळत्या पाण्याच्या वाफेत दिवस जाई. एवढ्यातून तिने पै पै साठवून मुलीला शाळेत घातले आणि पुढे टेनेसीमधल्या नॉक्सव्हिल महाविद्यालयात पाठविले. एका रकमेने घर चालवायचे, दुसरी रक्कम बाजूला काढायची आणि तिला हात लावायचा नाही, ही शिस्त तिने कंपनी काढण्याच्या कितीतरी आधी धुण्याच्या टबाजवळ कमावली होती. धंद्याचा पहिला धडा हाच, असे आम्हाला वाटते.

दुसरा धडा तिच्या स्वतःच्या डोक्यावर होता. तिचे केस गळू लागले, टक्कल दिसू लागले. ही तिच्या एकटीची व्यथा नव्हती. घरात नळ नाही, न्हाणीघर नाही, पोटाला पुरेसे नाही, डोके धुणे महिन्यातून एखाद्या वेळी. त्यामुळे कोंडा, खरूज, टाळूचे रोग घरोघर होते. बाजारात गोऱ्या स्त्रियांसाठी शेकडो प्रकार होते. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या टाळूकडे आणि केसांकडे पाहायला फार थोड्यांना सवड होती. जी गरज आपण स्वतः भोगली आहे आणि जिच्याकडे मोठ्या दुकानदाराचे लक्ष नाही, तिथेच लहान माणसाच्या धंद्याला जागा असते. साराने ही जागा पुस्तकात वाचून शोधली नाही. ती तिच्या आरशात होती.

परंतु तिने लगेच कारखाना काढला काय? नाही! ती आधी विक्रेती झाली. सेंट लुईसमध्ये अॅनी टर्न्बो नावाची एक कर्तबगार कृष्णवर्णीय स्त्री केसांचे औषध तयार करून दारोदार विकत होती. पुढे मलोन या आडनावाने आणि पोरो या मालाच्या नावाने ती प्रसिद्ध झाली. सारा तिची एजंट झाली. गिऱ्हाइकाचे दार कसे वाजवायचे, कोणत्या वेळी जायचे, आधी डोके धुऊन दाखवायचे आणि मग डबी पुढे करायची, नकार आला तर काय करायचे, उधारी कशी टाळायची, हे सगळे ती दुसऱ्याच्या मालावर शिकली. आज याला प्रशिक्षण म्हणतात आणि त्यासाठी शुल्क भरतात. साराला शिकता शिकता दलाली मिळाली.

1905 च्या जुलै महिन्यात ती कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हर शहरात गेली. जवळची बचत दीड डॉलर. तिथे तिने स्वयंपाकिणीचे काम धरले. दिवसा स्वयंपाक, उरलेल्या वेळात टर्न्बोबाईंचा माल विकणे आणि रात्री स्वतःचे मिश्रण करून पाहणे, असा क्रम सुरू झाला. धंदा पायावर उभा राहीपर्यंत तिने हातचे काम सोडले नाही, हे आमच्या तरुणांनी लक्षात ठेवावे. नोकरीचा राजीनामा देऊन, मित्रांना पेढे वाटून, मग धंदा शोधायला निघालेले अनेकजण आम्ही पाहिले आहेत.

तिच्या औषधाविषयी एक गोष्ट ती स्वतः सांगत असे. स्वप्नात एक धिप्पाड कृष्णवर्णीय पुरुष आला आणि त्याने कोणती द्रव्ये मिसळायची ते सांगितले, त्यातली काही आफ्रिकेतून मागवावी लागली, अशी ती कथा. विज्ञाननिष्ठ माणसाने ही कथा जाहिरात म्हणून ऐकावी. गंधकाचा मलम टाळूच्या रोगांवर तेव्हा आधीपासूनच वापरात होता आणि तिच्या मलमातही गंधक होते, पेट्रोलियम जेली होती, मेण होते. गुण स्वप्नात नव्हता. वारंवार डोके धुण्याच्या सवयीत, मालिशीत आणि गंधकात होता. टर्न्बोबाईंनी तिच्यावर नक्कल केल्याचा आरोप केला आणि गिऱ्हाइकांना सावध करणाऱ्या जाहिराती दिल्या. पहिली वाट टर्न्बोबाईंनी पाडली होती, हे मान्य करण्यात मॅडम वॉकर यांचा काहीही अपमान नाही. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या या व्यवसायाच्या इतिहासात दोघींची नावे बरोबरीने घ्यावी लागतात.

1906 च्या जानेवारीत साराने चार्ल्स जोसेफ वॉकर याच्याशी लग्न केले. तो वर्तमानपत्रांच्या जाहिरातींच्या कामातला माणूस होता. त्याच्या नावावरून तिने आपल्या मालाला मॅडम सी. जे. वॉकर हे नाव दिले. या नावात एक हिशेब होता. गोऱ्यांच्या जगात कृष्णवर्णीय बाईला कोणीही पहिल्या नावाने, नाही तर मावशी म्हणून हाक मारी. मॅडम म्हटल्याशिवाय तिचा मालच मागता येणार नाही, अशी सोय तिने करून ठेवली! डबीवर तिने स्वतःचा फोटो छापला. जाहिरातीत आपले आधीचे विरळ केस आणि नंतरचे लांब केस शेजारी शेजारी दाखविले. मालाचा पुरावा म्हणून मालकीणच उभी राहिली. डबीची किंमत 50 सेंट.

त्याच वर्षी सप्टेंबरात ती दौऱ्यावर निघाली. लेलियाला डेन्व्हरला बोलावून टपालाने येणाऱ्या मागण्या तिच्याकडे सोपविल्या आणि स्वतः नवऱ्यासह सुमारे दीड वर्ष दक्षिणेकडची राज्ये पालथी घातली. वर्णभेदाच्या कायद्यांचा तो कडक अंमल. रेल्वेचे डबे वेगळे, खानावळी बंद, रात्री मुक्कामाला कोणा कृष्णवर्णीय कुटुंबाचे घर शोधायचे. ती गावातल्या चर्चमध्ये जायची, बायकांना जमवायची, एकीचे डोके धुऊन दाखवायची, माल विकायची, आणि निघण्यापूर्वी त्यांतल्याच एखाद्या चुणचुणीत बाईला एजंट नेमून पुढच्या गावाला जायची. माल संपला की त्या एजंटची मागणी टपालाने डेन्व्हरला. दुकान नाही, भाडे नाही, नोकरांचा पगार नाही. पैसा आधी, माल नंतर. भांडवल नसलेल्या माणसाने भांडवलाशिवाय धंदा कसा वाढवावा याचा याहून चांगला नमुना आम्हाला माहीत नाही.

नवऱ्याला मात्र ही धाव पटत नव्हती. दिवसाला दहा डॉलर सुटू लागले, एवढे पुष्कळ झाले, असे त्याचे मत. तिला ते पुरेसे वाटत नव्हते. हा मतभेद वाढत गेला आणि 1912 साली दोघे कायदेशीर विभक्त झाले. तोपर्यंत तिने एक काम करून ठेवले होते, त्याकडे आम्ही वकील या नात्याने मुद्दाम लक्ष वेधतो.

1908 साली मायलेकी पिट्सबर्गला आल्या आणि तिथे त्यांनी लेलिया कॉलेज या नावाने एजंटांना शिकविणारी शाळा काढली. ज्यांना येणे जमत नसे त्यांच्यासाठी टपालाने शिक्षणक्रम, शुल्क 25 डॉलर. 1910 साली त्यांनी इंडियानापोलिस हे मुख्य ठिकाण केले. तेच का? कारण तिथे चारही दिशांच्या रेल्वे मिळत, म्हणजे पार्सले लवकर पोहोचत. तिथे कृष्णवर्णीयांची खपाची वर्तमानपत्रे होती, म्हणजे जाहिरात दूरवर जाई. आणि कृष्णवर्णीय व्यावसायिकांची वस्ती जमलेली होती. आपल्या गावात घर आहे म्हणून धंदाही तिथेच, असा विचार त्यांनी केला नाही. माल कुठून निघेल आणि बातमी कुठून जाईल, ते पाहून गाव निवडले.

त्याच 1910 साली त्यांनी भागभांडवल उभारण्याचा प्रयत्न केला होता. 50 हजार डॉलरची कंपनी काढायची, प्रत्येकी 500 डॉलर देणारे भागधारक मिळवायचे. यासाठी त्यांनी कृष्णवर्णीयांचे त्या वेळचे सर्वांत वजनदार पुढारी बुकर टी. वॉशिंग्टन यांना पत्र लिहून मदत मागितली. वॉशिंग्टन यांनी नम्रपणे नकार दिला. मॅडम वॉकर रडत बसल्या नाहीत. त्या वर्षी त्यांचे उत्पन्न सुमारे 11 हजार डॉलर होते. धंद्यातून सुटलेला पैसा धंद्यातच घालून त्यांनी 1911 च्या सप्टेंबरात इंडियाना राज्यात मॅडम सी. जे. वॉकर मॅन्युफॅक्चरिंग कंपनीची रीतसर नोंदणी केली. भांडवल 10 हजार डॉलर आणि मालकी स्वतःच्या हातात. पुढच्या वर्षी संसार मोडला, पण कंपनी मोडली नाही. नवऱ्याच्या नावाने चालणाऱ्या मालाची मालकी नवऱ्याकडे गेली नाही. हा सगळा त्या कागदाचा प्रताप!

आमच्या वकिलीतली एक गोष्ट सांगतो. दोन जिवलग मित्रांनी मंडप आणि जेवणाच्या ठेक्याचा धंदा सुरू केला. एकाने वडिलांच्या निवृत्तीचा पैसा घातला, दुसऱ्याच्या बायकोच्या नावावर परवाना निघाला. भांडी कोणी घेतली, टेम्पोचा हप्ता कोण भरतो, याची कुठेही नोंद नाही. भागीदारीचा कागद करा असे आम्ही म्हटले तेव्हा दोघांनाही वाईट वाटले. भावाभावात कागद कशाला, असा त्यांचा सूर होता. धंदा बुडाला असता तर कदाचित मैत्री टिकली असती. धंदा चालला. तिसऱ्या लग्नसराईनंतर दोघे वेगवेगळ्या वकिलांकडे बसले होते. एकमेकांवर विश्वास असतो तेव्हाच कागद करून घ्यावा, कारण विश्वास संपल्यावर कोणी सही करीत नाही. मॅडम वॉकर यांना अक्षरओळख उशिरा झाली, पण कागदाचे मोल त्यांना वेळेवर कळले.

आणि तो कागद सांभाळायला त्यांनी योग्य माणूस निवडला. फ्रीमन रॅन्सम हा तरुण कृष्णवर्णीय वकील त्यांनी कंपनीचा कायदा सल्लागार केला. पुढे तोच व्यवस्थापक झाला. रॉबर्ट ली ब्रोकनबर हा दुसरा वकीलही साथीला होता. अॅलिस केली या शिक्षिकेला कारखान्याची देखरेख दिली आणि तिच्याकडूनच मॅडम वॉकर भाषा, पत्रलेखन आणि सभेतले बोलणे शिकल्या. कारखान्याची मालकीण आपल्या नोकरदार बाईसमोर विद्यार्थिनी होऊन बसते, यात त्यांना कमीपणा वाटला नाही. आपल्याला जे येत नाही ते ज्याला येते त्याला कामावर घ्यावे, त्याला अधिकार द्यावा आणि त्याच्याकडून शिकावे, हे धंद्यातले फार अवघड शहाणपण आहे. रॅन्सम त्यांना खर्चावरून टोके, हिशेब दाखवी, जमीनजुमला घेण्यापूर्वी सावध करी. त्या प्रत्येक वेळी ऐकत नसत. पण टोकणारा माणूस त्यांनी कधी काढून टाकला नाही.

1912 च्या ऑगस्टमध्ये शिकागो येथे नॅशनल निग्रो बिझनेस लीगचे अधिवेशन भरले. अध्यक्ष वॉशिंग्टन. एका वृत्तपत्राच्या मालकाने मॅडम वॉकर यांना बोलू द्यावे अशी सूचना केली. अध्यक्षांनी ती कानाआड केली. केसांचा धंदा त्यांना प्रतिष्ठेचा वाटत नव्हता आणि व्यासपीठावर पुरुष बँकवाल्यांची गर्दी होती. शेवटच्या दिवशी मॅडम वॉकर आपल्या जागेवर उभ्या राहिल्या आणि परवानगीची वाट न पाहता बोलू लागल्या. आपण कापसाच्या मळ्यातून आलो, तिथून धुण्याकडे, तिथून स्वयंपाकघराकडे गेलो, आणि तिथून स्वतःलाच बढती देऊन कारखानदार झालो, आपल्या जागेवर आपला कारखाना आहे, असे त्यांनी भर सभेत सुनावले. अध्यक्षांनी त्यावर चकार शब्द काढला नाही. परंतु पुढच्याच वर्षी, 1913 साली, इंडियानापोलिसला आलेले वॉशिंग्टन त्यांच्याच घरी पाहुणे होते आणि त्या वर्षीच्या अधिवेशनात त्या निमंत्रित वक्त्या होत्या!

1913 हे वर्ष आमच्यासाठी आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. त्याच वर्षी तरुण भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले आणि त्याच वर्षी, विद्यापीठाला लागून असलेल्या हार्लेम भागात लेलियाने वॉकर कंपनीसाठी घर घेतले. दोघांची गाठ पडली अशी दंतकथा आम्ही रचणार नाही. पण पुढचा इतिहास आठवावा. परदेशातून परतल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर व्यवहारांचा सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्ला चांगला होता, गिऱ्हाईकही येऊ लागले होते. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक तुटले आणि ती पेढी बंद झाली. अर्थशास्त्रात जगात मान्यता पावलेल्या विद्वानाची ही गत, तर इतरांचे काय? कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले तेव्हा तिथे कोणी चहा प्यावा म्हणून राजर्षी शाहू महाराजांना स्वतः तिथे जाऊन चहा घ्यावा लागला. ज्याला समाजाने वाळीत टाकले आहे त्याच्या धंद्यात भांडवल हा पहिला प्रश्न नसतोच. गिऱ्हाईक हा पहिला प्रश्न असतो. मॅडम वॉकर यांनी तो कसा सोडविला? ज्या गिऱ्हाइकाला गोऱ्या दुकानदाराने माणूस म्हणून मोजले नव्हते, त्याच गिऱ्हाइकाकडे त्या गेल्या आणि त्यालाच विक्रेता केले. हजारो मोलकरणी आणि धुणावळी टब आणि फडके सोडून एजंट झाल्या. कंपनीने प्रशिक्षित केलेल्या स्त्रियांची संख्या 20 हजारांपर्यंत गेली, असा कंपनीचाच दावा होता.

या एजंट म्हणजे नुसत्या फेरीवाल्या नव्हेत. त्यांच्याशी करार असे, स्वच्छतेचे नियम असत, ठरलेली पद्धत असे. 1917 च्या ऑगस्टमध्ये फिलाडेल्फिया येथे त्यांचे पहिले राष्ट्रीय अधिवेशन भरले. 200 हून अधिक स्त्रिया जमल्या. सर्वाधिक विक्री करणाऱ्या एजंटला बक्षीस होतेच, पण आपल्या गावच्या सामाजिक कामाला सर्वाधिक देणगी देणाऱ्या गटालाही बक्षीस होते. त्याच वर्षी जुलैत ईस्ट सेंट लुईस येथे कृष्णवर्णीयांची कत्तल झाली होती. न्यूयॉर्कमध्ये हजारो लोकांनी मूक मोर्चा काढून निषेध केला. हार्लेमच्या पुढाऱ्यांबरोबर मॅडम वॉकर व्हाइट हाऊसवर गेल्या. अध्यक्ष विल्सन यांना भेटायला वेळ झाला नाही. मग त्यांच्या एजंटांच्या अधिवेशनाने अध्यक्षांना तार पाठवून जमावाच्या झुंडशाहीविरुद्ध कायदा मागितला. केसांचे मलम विकणाऱ्या बायकांचे अधिवेशन देशाच्या अध्यक्षाला जाब विचारते! स्वतःच्या कमाईचा पैसा पाठीशी असला की तारेतला मजकूर बदलतो.

त्यांच्याबद्दल आणखी एक प्रसंग सांगितल्याशिवाय आमच्यातल्या वकिलाला राहवत नाही. इंडियानापोलिसच्या आयसिस नाट्यगृहात त्या सिनेमा पाहायला गेल्या. तिकीट दहा सेंट. त्यांच्याकडे मात्र पंचवीस मागितले, कारण त्या कृष्णवर्णीय होत्या. त्यांनी भांडण केले नाही, रॅन्सम यांना सांगून दावा लावला. त्यांच्या मृत्यूनंतर 1927 साली त्याच शहरात कंपनीची टोलेजंग इमारत उभी राहिली. तिच्यात कृष्णवर्णीयांना मानाने बसता येईल असे नाट्यगृह होते. ते आजही उभे आहे.

दोष सांगायचे नाहीत काय? सांगायलाच हवेत. केस सरळ करण्याची फॅशन म्हणजे गोऱ्यांची नक्कल, अशी टीका त्यांच्या धंद्यावर तेव्हाही झाली. आपण केस सरळ करणारी नसून टाळू निरोगी करणारी आहोत, असा त्यांचा खुलासा असे, पण तापविलेली फणी त्यांच्या पद्धतीचा भाग होती हेही खरे. दुसरा दोष खर्चाचा. 1918 साली कंपनीची विक्री सुमारे पावणेतीन लाख डॉलरवर गेली. त्याच वर्षी त्या हडसनकाठच्या प्रासादात राहायला गेल्या. व्हर्टनर टँडी या कृष्णवर्णीय वास्तुविशारदाने तो बांधला होता. गुलामाची मुलगी काय करू शकते हे जगाला दिसावे, ही त्यामागची भावना आम्ही समजू शकतो. पण त्यांच्यानंतर 1930 च्या मंदीत तो वाडा कुटुंबाच्या हाती राहिला नाही. तिसरा दोष प्रकृतीचा. रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा विकार असताना डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती त्यांनी घेतली नाही. दौरे चालूच राहिले. मालक हेच धंद्याचे सर्वांत मोठे भांडवल असते आणि त्या भांडवलाचीही निगा राखावी लागते.

अमेरिकेतली स्वकष्टाने झालेली पहिली महिला लक्षाधीश, म्हणजे दहा लाख डॉलरची धनीण, असे त्यांचे वर्णन सर्रास केले जाते. त्यांनी स्वतः ते हयातीत नाकारले होते. मृत्यूसमयी त्यांची मालमत्ता सहा-सात लाख डॉलरची असावी, असा अंदाज आहे. आम्हाला या आकड्यापेक्षा मृत्युपत्र मोठे वाटते. कंपनीच्या पुढील निव्वळ नफ्यातील दोनतृतीयांश वाटा त्यांनी सामाजिक कार्याला लिहून दिला. आणि मृत्यूच्या काही दिवस आधी, जमावाकडून होणाऱ्या हत्यांविरुद्ध लढणाऱ्या चळवळीला 5 हजार डॉलर जाहीर केले.

आता हिशेब मांडू. आधी बचतीची सवय, मग स्वतः भोगलेली गरज, मग दुसऱ्याच्या मालावर विक्रीचे शिक्षण. हातची नोकरी न सोडता छोटा प्रयोग. आगाऊ पैसा आणि टपालाची मागणी यांवर वाढ. त्यानंतर गाव, शाळा, कंपनीची नोंदणी, वकील, करार. कर्जाचा किंवा भागभांडवलाचा विचार या यादीत फार खाली येतो, आणि तो फसला तरी धंदा फसला नाही. आमच्याकडे ही यादी उलटी वाचली जाते. कर्जाचा अर्ज आधी, गिऱ्हाईक शेवटी. मग हप्ते थकतात, बँकेची नोटीस येते, जामीनदार काका तोंड फिरवितात, आणि धंदा आपल्या रक्तात नाही असा निष्कर्ष घरातलेच लोक काढतात. रक्तात काही नसते! मारवाड्याच्या पोराच्या रक्तातही रोजमेळ नसतो, त्याच्या हातात तो लहानपणी दिलेला असतो.

आमच्या वस्त्यांत मसाले, पापड, शिवणकाम करणाऱ्या बायका कमी नाहीत. त्यांच्या मालाला चव आहे, हाताला गुण आहे. डबीवर नाव नाही, वहीत जमाखर्च नाही, भागीदारीला कागद नाही. ज्यांनी कायदा शिकला, वाणिज्य शिकले, ज्यांची निवृत्तीची पेन्शन सुरू आहे, अशा सुशिक्षितांनी आठवड्यातली एक संध्याकाळ विहारात किंवा समाजमंदिरात बसून या बायकांना हे तीन कागद शिकवावेत. आम्ही आमच्यापुरते ते सुरू करीत आहोत. पहिल्या दिवशी कर्जाचा अर्ज कोणालाही भरू देणार नाही. प्रत्येकीने येताना दोनशे पानी वही आणि आपल्या पहिल्या दहा गिऱ्हाइकांची नावे आणावीत.